आबांच्या छातीतला डाग

बाराव्या मजल्याच्या स्लॅबच्या अगदी कडेला उभं राहून रामेश्वर इंगोले खाली वाकून बघायचे आणि फोरमन बिचारा डोळेच मिटून घ्यायचा. उंचीला घाबरायचे नाहीत, क्रेनला नाहीत, जुलैच्या उन्हाला नाहीत, आणि कंपनीच्या अरबाबला, म्हणजे मालकाला, तर मुळीच नाहीत. भर साइटवर त्याच्या तोंडावर सांगायचे, "ये कॉंक्रीट नहीं चलेगा. गाडी वापस." आणि गाडी वापस जायची! पण हाच माणूस दर तीन वर्षांनी व्हिसाची मेडिकल आली की सकाळी शर्टाची बटणं लावू शकायचा नाही. बोटंच ऐकायची नाहीत.

कारण छातीत एक डाग होता.

तसा जुनाच. अमरावतीला इंजिनीअरिंग करत होते, हॉस्टेलला राहायचे, तेव्हा एका सकाळी दात घासताना बेसिनमध्ये रक्त पडलं. टीबी. मग काय, सॅनेटोरियम, रोज इंजेक्शनं, एक अख्खं वर्ष वाया. पण बरे झाले, अगदी ठणठणीत! लग्न झालं, संजना झाली, पुढे साधा तापसुद्धा कधी आला नाही. फक्त उजव्या फुप्फुसावर वरच्या बाजूला एक पांढरी खूण राहून गेली, आणि ती एक्स-रेमध्ये दिसायची.

आणि गल्फमध्ये तर सगळा खेळच एक्स-रेचा. डाग दिसला की अनफिट, अनफिट म्हणजे व्हिसा खलास, म्हणजे बांधा सामान. लेबर कॅम्पमध्ये काय काय गोष्टी चालायच्या. अमक्याला म्हणे हॉस्पिटलातूनच सरळ एअरपोर्टवर नेलं, चपलासुद्धा रूमवर राहिल्या. खरं किती, खोटं किती, कोणाला माहीत. पण इंगोले साहेबांनी ते सगळं ऐकलेलं होतं आणि त्यातलं काहीच ते विसरले नव्हते.

अठ्ठ्याहत्तर साली शारजाला आले तेव्हापासून दर वेळी नशिबाने निभावलं. मशीनला छाती लावायची, श्वास रोखायचा, तो टेक्निशियन "यल्ला, यल्ला, नेक्स्ट" करून ओरडायचा आणि बाहेर. मग रिपोर्ट येईपर्यंत घशाखाली घास नाही. रिपोर्ट फिट आला की दोन दिवस नुसते हसत फिरायचे, आणि कोणाला कळायचंच नाही की साहेब एवढे खूश कशाने.

सुरुवातीला भीती नोकरीची होती. म्हणजे नोकरी गेली तर वाशिमला जाऊन करायचं काय, ही. पण एक्क्याण्णवला संजनाला मुलगी झाली, समिधा, आणि मग भीतीची जातच बदलली.

घरची परिस्थिती अशी होती बघा. समिधाची आजी ती व्हायच्या आधीच्या वर्षी गेलेली. संजना शारजात एका शिपिंग कंपनीत अकाउंट्सला, सुट्टी संपली आणि चाळीस-पंचेचाळीस दिवसांचं बाळ सोडून तिला कामावर जावं लागलं. जावई धनंजय अबू धाबीला मुसफ्फ्यात फॅब्रिकेशन यार्डात, तिथेच कंपनीच्या रूमवर राहायचा, गुरुवारी संध्याकाळी घरी यायचा. मग बाळ कोणाचं? आजोबांचं, म्हणजे आबांचं!

सकाळी आणि चारनंतर एक शेजारीण सांभाळायची. पण तिकडे बरीच ऑफिसं दुपारी एकला बंद होतात आणि चारला परत उघडतात; संजनाचं सलग चालायचं, आबांचं नाही. बाकीचे इंजिनीअर त्या वेळेत पडदे ओढून एसीत झोपायचे. आबा झोपले नाहीत, आठ वर्षं नाही. इंडस्ट्रियल एरियातल्या साइटवरून हेल्मेट मागच्या सीटवर फेकून गाडी काढायची आणि घर गाठायचं. दूध, लंगोट, मग बालवाडी, मग शाळेची बस. बस यायच्या आधी ते खाली उभे असायचे, बुटांवर सिमेंट तसंच. भर उन्हात. डोक्यावर रुमाल.

"काय वं माय, काय शिकवलं आज?"

"नथिंग."

"रोजच नथिंग? आणि फी घेतात ते?"

"आबा, यू आर डर्टी!"

"सिमेंट आहे ते. त्याला डर्टी म्हणायचं नाही. पोट भरतं आपलं."

वर जाऊन एकाच ताटात जेवायचे दोघं. पोळीचा तुकडा ते मोडणार, ती वरणात बुडवणार, आणि शेवटचा घास तिचा उष्टा आबा खाणार. संजना ओरडायची, "आबा, तिला वेगळं ताट द्या ना, मोठी झाली आता." तर म्हणायचे, "तू जेवलीस ना माझ्या ताटात? काय झालं तुला?"

असं सगळं मजेत चाललेलं. आणि नव्याण्णवच्या हिवाळ्यात आबांना खोकला लागला.

पहिला आठवडा म्हणाले धूळ आहे. दुसरा आठवडा म्हणाले एसी आहे. मग पट्ट्याला नवीन भोक पाडावं लागलं तेव्हा मात्र काहीच म्हणाले नाहीत. कारण व्हिसा पुढच्याच महिन्यात संपत होता. आणि मेडिकल!

कंपनीचा पीआरओ राजन, केरळचा, म्हणजे व्हिसा-पासपोर्टची सगळी धावपळ करणारा माणूस. वीस वर्षांची ओळख. डागाबद्दल सगळ्या शारजात फक्त त्याला माहीत होतं. पोटच्या मुलीला नाही, त्याला.

राजन म्हणाला, "साब, आप टेन्शन मत लो. आठ दिन दूध पियो, केला खाओ. एक्स-रे एकदम क्लीन आता है."

"राजन, मैं इंजिनीअर हूँ."

"तो इंजिनीअर लोग दूध नहीं पीता क्या?"

आबा हसले. आणि घरी जाताना चार लिटर दूध आणि केळ्यांचा घड घेऊन गेले. भीती माणसाला काय काय करायला लावते! समिधाने विचारलं, "आबा, आर वी हॅविंग अ पार्टी?"

आता आबांची कामाची एक पद्धत होती. ओतायच्या आधी ट्रायल. कुठलंही कॉंक्रीट घ्या, आधी थोडंसं करून बघायचे, त्याचे ठोकळे पाडायचे, मशीनखाली फोडायचे, आणि मगच खऱ्या कामाला हात. आयुष्यभर त्यात कधी फसले नाहीत. त्यांनी तोच हिशोब इथे लावला. सरकारी मेडिकलच्या आधी गुपचूप एखाद्या खाजगी क्लिनिकमध्ये एक्स-रे काढून बघू. दिसतंय किती ते कळेल. जास्त दिसलं तर काहीतरी करू, सुट्टीवर जाऊ, बघू.

इथेच चुकलं. कॉंक्रीटचा ठोकळा कोणाला जाऊन सांगत नाही. डॉक्टरला मात्र सरकारला कळवावं लागतं.

क्लिनिक छोटंसं होतं, खाली मोबाइलचं दुकान. डॉक्टर साजिदा, हैदराबादच्या, चष्मा कपाळावर. साठ दिरहम म्हणजे सातशे रुपये झाले, आबांनी मनातल्या मनात गुणाकार केला आणि वाटलं, एवढे पैसे आणि फोटोत हसायचंसुद्धा नाही. काचेवर फिल्म लावली, मागचा दिवा लागला. डॉक्टरांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला. 

"इंगोले साब, पहले कभी टीबी हुआ था?"

"...जी. बहुत पहले."

"ये पुराना निशान है, ठीक. लेकिन ये नीचे, ये देखिए, ये मुझे समझ नहीं आ रहा. पुराना भी हो सकता है. नया भी. बलगम की जाँच करानी पड़ेगी. और मुझे ऊपर खबर करनी पड़ेगी, ये मेरी ड्यूटी है."

खुर्चीचा हात आबांनी घट्ट धरला. बाराव्या मजल्यावरून खाली बघणारा माणूस!

"मॅडम, मेरा व्हिसा..."

"पहले सेहत, बाद में व्हिसा. घर में कौन-कौन है? बच्चे हैं?"

आणि आबा म्हणाले, "नहीं. अकेला रहता हूँ."

का म्हणाले? विचार करून नाही म्हणाले. तोंडातून निघूनच गेलं. एवढंच डोक्यात होतं की समिधाचं नाव कुठल्या सरकारी यादीत नको. माझं गेलं तर गेलं. तिच्या आईबापाचे व्हिसा, तिची शाळा, सगळं एका नावाने उसवत जाईल असं त्यांना वाटलं.

बाहेर गाडीत येऊन बसले. एसी लावायचं पण सुचलं नाही. राजनला फोन केला.

राजनने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "साब, अच्छा किया बच्ची का नाम नहीं दिया. अब सुनो. परसों का टिकट निकालता हूँ. छुट्टी पे जाओ. इंडिया में दवाई लो, छह महीना बाद दूसरा व्हिसा पे देखेंगे. खलास. किसी को कुछ मत बोलो."

रस्ता होता म्हणजे. सुट्टीवर जायचं, बरं होऊन परत यायचं, परत त्याच बसची वाट बघत उभं राहायचं! आबांना जरा श्वास आला. घड्याळ बघितलं आणि गाडी पळवली, बसची वेळ झाली होती.

समिधा उतरली. दप्तर त्यांच्याकडे फेकलं. आणि खोकली.

एवढंच. एकदा. वाऱ्याने धूळ उडत होती, बसमधली सगळीच पोरं खोकत होती. पण आबा जागच्या जागी थिजले.

"कधीपासून खोकतेस?"

"व्हॉट?"

"खोकला! कधीपासून आहे? काल होता? परवा?"

"आबा, व्हाय आर यू शाउटिंग?"

लिफ्टमध्ये ते कोपऱ्यात तोंड करून उभे राहिले. दोन माणसांची लिफ्ट ती, एवढीशी, आणि आठ वर्षं रोज ते तिच्यात एकत्र श्वास घेत होते. वर गेल्यावर त्यांनी दोन ताटं काढली. एक टेबलावर ठेवलं, दुसरं घेऊन बाल्कनीत गेले आणि मधलं काचेचं दार ओढून घेतलं.

समिधा काचेला नाक लावून उभी. "आबा? आबा, ओपन द डोअर!"

"जेव तू. तिथेच जेव."

"व्हाय?"

"मला बरं नाही. जवळ येऊ नको."

"बट आय ऑल्सो वॉन्ट टू सिट देअर!"

"समिधा, मागे हो! मागे हो म्हणलं ना!"

असे ते कधी ओरडले नव्हते. साइटवर ओरडायचे, घरी नाही. पोरीचे डोळे भरले, ती गेली आणि आत जाऊन पलंगावर उपडी पडली. आणि परत खोकली. काचेतून आवाज बारीक आला पण आबांना तो कोणी कानात ओरडल्यासारखा वाटला. घास हातातच राहिला. त्यांना आठवत होतं उष्ट्या घासांचं सगळं. वरण, पोळी, आइस्क्रीमचा एकच चमचा, तिला झोपवताना तिच्या कपाळावर टेकलेलं तोंड. आणि बेसिनमधलं ते रक्त. ते आठ वर्षांच्या पोरीच्या बेसिनमध्ये त्यांना दिसायला लागलं, दिसायचं थांबेचना.

सुट्टीवर गेलो तर हिचं कोणाला कळणार? कोण तपासणार हिला? खोकला म्हणजे धूळ आहे, एसी आहे, असंच म्हणतील सगळे. मी पण तेच म्हणत होतो की.

चारला साइटवर गेलेच नाहीत. शेजारणीला म्हणाले जरा बघ हिला, आणि क्लिनिकला पोचले तर दार बंद, साडेचारला उघडणार. पायरीवर बसून राहिले. डॉक्टर साजिदा गाडीतून उतरल्या तसे उभे राहिले आणि तिथे रस्त्यावरच बोलायला लागले.

"मॅडम, मैंने झूठ बोला. घर में बेटी है. और नवासी है, आठ साल की. मेरी थाली में खाती है."

डॉक्टरांनी दाराची किल्ली हातातच ठेवली. "आपको मालूम है, अब सब के नाम जाएँगे?"

"मालूम है."

"सुबह क्यों नहीं बताया?"

"डर गया था."

"और अब?"

"अब भी डरा हुआ हूँ, मॅडम. लेकिन दूसरी चीज़ से."

संजनाला सांगणं डॉक्टरला सांगण्याहून कठीण गेलं. ती नुकतीच ऑफिसातून आलेली, सँडल पण काढली नव्हती. ऐकून घेतलं आणि मग जे सुटली!

"वीस वर्षं, आबा? वीस वर्षं तुम्ही मला सांगितलं नाही? राजनला माहीत, मला नाही?"

"तुला उगाच घोर..."

"घोर! आणि आता काय आहे हे? माझी पोरगी आहे ती आबा! माझी!"

"मला माहीत आहे."

"तिला काही झालं ना, तर मी..." ती खाली बसली, सँडलचा पट्टा ओढत राहिली, तो निघेना. आबांना वाटलं जाऊन पट्टा सोडवून द्यावा, लहानपणी द्यायचे तसा. पण ते दारातच उभे राहिले. तिच्याही जवळ जायची त्यांना आता भीती होती.

राजनला कळलं तेव्हा तो म्हणाला, "साब, आपने अपने हाथ से अपना टिकट फाड़ दिया." रागाने म्हणाला, पण दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी घेऊन तोच खाली हजर. संजनाला, समिधाला सरकारी दवाखान्यात नेणं, नंबर लावणं, अरबीतून बोलणं, सगळं त्यानेच केलं. आबांना वेगळ्या ठिकाणी ठेवलं होतं, तपासण्या होईपर्यंत. खोलीत सहा माणसं, सगळी तोंडावर मास्क बांधून, आणि सगळ्यांची नजर दाराकडे. बाजूच्या पलंगावर यूनुस म्हणून पेशावरचा एक ड्रायव्हर होता. तो विचारायचा, "बड़े मियाँ, आप किसके लिए दुआ कर रहे हो, व्हिसा के लिए?" आबा नुसती मान हलवायचे. नाही.

समिधाच्या हातावर सुई टोचली होती. तिथे फुगलं तर वाईट, नाही फुगलं तर चांगलं, एवढं सगळ्यांना कळलं होतं. दोन-तीन दिवस थांबायचं होतं. धनंजय मुसफ्फ्याहून रजा टाकून आला. संजना दर थोड्या वेळाने पोरीची बाही वर करायची. समिधाला वाटलं गंमत आहे. तिने टोचल्याच्या भोवती पेनाने फूल काढलं आणि संजनाने तिला एक थप्पड मारली आणि मग दोघी रडल्या.

आबांना फोन करायची परवानगी होती. रोज एकच प्रश्न.

"फुगलं का?"

"नाही अजून. थोडं लाल आहे."

"थोडं म्हणजे किती? पट्टी लावून मोज ना."

"आबा, ते डॉक्टर मोजतील."

"लाल कडेला आहे का मध्ये? कडक लागतं का बोटाला?"

"आबा!! मला माहीत नाही! मला काही माहीत नाही, मी पण घाबरलेय, कळतंय का तुम्हाला?"

 कार्डाचे पैसे जात होते, फोन मात्र कोणी ठेवेना.

मग ती दुपार आली. राजन खोलीच्या दाराशी आला, नर्सने आत सोडलं नाही, तर काचेच्या पलीकडून हात करायला लागला. दोन्ही हात. आबांना कळेना. राजनने स्वतःची बाही वर केली, हातावरून तळवा फिरवला, सपाट, सपाट. मग छाती ठोकली आणि अंगठा वर केला. हात साफ. एक्स-रे साफ. संजनाचा पण.

आबांनी यूनुसकडे वळून स्वतःच्या हातावरून तसाच तळवा फिरवून दाखवला, सपाट.

पुढचा रिपोर्ट त्यांचा स्वतःचा. थुंकी साफ निघाली, तिन्ही वेळा. म्हणजे खोकला साधाच होता, छातीतला कफ, वय, आणि आयुष्यभर खाल्लेलं सिमेंट. पट्टा सैल झाला तो नुसत्या काळजीने. डाग जुनाच. कोणाला काही लागण नव्हती, होणार पण नव्हती. पण कागदावर जे यायचं ते आलंच होतं. नूतनीकरणाच्या अर्जावर अनफिट. राजन तीन ऑफिसं फिरला, एकाला हबीबी केलं, दुसऱ्याला इन्शाल्ला ऐकवलं, शेवटी परत आला आणि गाडीत नुसता बसला.

"साब, बोला था ना मैंने. चुपचाप निकल जाते तो..."

"तो बच्ची को कौन देखता, राजन?"

"लेकिन उसको तो कुछ था ही नहीं!"

"हाँ," आबा म्हणाले. "कुछ था ही नहीं." आणि एवढं मोठ्याने हसले की सिग्नलला बाजूच्या गाडीतला माणूस बघायला लागला.

जायच्या दिवशी दुपारी समिधा उघड्या सूटकेसमध्ये बसून होती, म्हणजे ती बंद होऊ नये म्हणून.

"आबा, डिड आय डू समथिंग?"

"नाही वं."

"देन व्हाय आर दे सेंडिंग यू?"

"मी डॉक्टरला तुझं नाव सांगितलं म्हणून."

"यू वर स्केअर्ड ऑफ द डॉक्टर?"

"तुझ्या खोकल्याची भीती वाटली."

तिने त्यांच्याकडे बघितलं. जरा विचार केला. आणि मुद्दाम, खोटंखोटं, जोरात खोकली. आबा ताडकन उठून उभे राहिले. समिधा खदखदून हसली, हसता हसता रडायला लागली, आणि या वेळी त्यांनी तिला जवळ घेतलं. पण तोंड मात्र बाजूला फिरवूनच. रिपोर्ट साफ होता, तरी.

वाशिमला ते अजून सहा वर्षं जगले. रिकामे बसले नाहीत, गावातल्या शाळेची पाण्याची टाकी उभी केली, कॉंट्रॅक्टरशी भांडून तीन वेळा परत बांधायला लावली. शारजाला परत कधी गेले नाहीत. दर शुक्रवारी फोन. कशी आहेस नाही, अभ्यास नाही, पहिला प्रश्न, "खोकला आहे का?" समिधा मोठी झाली, आवाज बदलला, मराठी बोलायला लागली थोडं थोडं, पण तो प्रश्न काही बदलला नाही. "नो खोकला, आबा," असंच फोन उचलायची ती.

दोन हजार पाचच्या एका शुक्रवारी मात्र तिला खरंच सर्दी झाली होती. चौदा वर्षांची होती, कळत होतं तिला. बोलताना खोकला आला की ती रिसीव्हर पटकन उशीत दाबायची, खोकून घ्यायची आणि परत कानाला लावायची. "हां आबा, बोला ना. नो खोकला." असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा रिसीव्हर वर आणला तर तिकडून काहीच आवाज नाही. तिला वाटलं लाइन कट झाली.

"आबा?"

"ऐकू आलं मला," ते म्हणाले.  "आईला दे फोन."